अर्ध्या वाटीचं वजन

मैत्रेयीला शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात भरती करावंच लागलं.

पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. भीमराज मापारीही तसंच धरून चालले होते, आणि ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचा कापूस तोलला त्याचा अंदाज सहसा चुकत नाही, असं निदान त्याला तरी वाटत होतं.

तर संध्याकाळ आहे. मैत्रेयी नऊ महिन्यांची आहे आणि ओसरीच्या तुळईला टांगलेल्या तराजूत बसलेली आहे.

"हालू नको माय," भीमराज म्हणाले. "माल हालला का काटा खोटं बोलते."

माल हलला. मालानं पारड्याची साखळी धरली, खालचा ओठ बाहेर काढला आणि असा टाहो फोडला की रस्त्यानं चाललेली एक बकरी कोणी आपल्यालाच हाक मारली असं समजून थांबली.

समोरच्या पारड्यात पाच किलोचं माप होतं, त्यावर बारीक मापांची उतरंड. भीमराजांनी काटा स्थिर व्हायची वाट पाहिली. तो झाला नाही. मग त्यांनी एक डोळा मिटून मधलं वजन धरलं, नातीला उचलून मांडीवर घेतलं आणि खिमटाची वाटी पुढे ओढली.

"लाभ," पहिला चमचा उचलून ते म्हणाले.

मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, लाभ म्हणतो. त्यानं बरकत राहते. मैत्रेयीनं तोंड घट्ट मिटलं. लाभ हनुवटीवरून फ्रॉकवर उतरला.

हे सगळं सुरू झालं ते विमलताईंमुळे. विमलताई म्हणजे आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविका. पावसाळ्यात मैत्रेयीला हगवण लागली होती. ती थांबली, पण तिच्याबरोबर गेलेलं वजन काही परत आलं नाही. दिवाळी झाल्यावर विमलताई घरी आल्या, तेव्हा मैत्रेयीची आई रुपाली जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जायच्या घाईत डब्याचं झाकण शोधत होती.

"अंगावरचं दूध आता पुरत नाई हिले," विमलताई म्हणाल्या. "संध्याकाळचं जेवन पक्कं करा. सध्या काय देता?"

"वरनाचं पानी."

"पानी झाडाले देतात रुपाली, लेकराले नाई. डाळ बसते खाली, पानी राह्यते वर, आन लेकराच्या वाट्याले तेवढं वरचं." विमलताई उंबऱ्यावर टेकल्या. "मुगाची डाळ-तांदळाचं खिमट कर. चमचा उलटा केला त पटकन पडू नये एवढं घट्ट. वरून चमचाभर तेल. एक दिवस त्यात बटाटा कुस्कर, एक दिवस पालक घोटून टाक. भाकर देशीन त वरनात भिजवून, बोटानं मऊ करून. केळं भेटलं त केळं. सुरवातीले अर्धी वाटी, मंग पाऊन, मंग भरून."

"कोनती वाटी?" कोपऱ्यातून भीमराजांनी विचारलं.

"घरातली कोनतीबी, काका."

"घरात चार वाट्या हायेत. चारही अलग. शिक्का एकीवरबी नाई."

विमलताईंनी रुपालीकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत वाटीच्या शिक्क्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"काका, येत्या वजनाच्या दिवसाले ही कुपोषनाच्या तिसऱ्या श्रेणीत गेली, त मले यवतमाळले पाठवाच लागन," त्या हळूच म्हणाल्या. "तिथं भरती करतात. सोबत माय लागते."

"मंग माह्यं जिनिंग?" रुपाली म्हणाली.

दोन हजार पाचचा तो हंगाम. कापसाला भाव नव्हता, सरकारी खरेदी आज उघडते उद्या उघडते करत होती, आणि वेचणीला बाया लावण्यापेक्षा कापूस झाडावरच छान दिसतो असं शेतवाल्यांचं मत होत चाललं होतं. त्यामुळे दोन-तीन गावांच्या बाया जिनिंगच्या दाराशी उभ्या असायच्या. आतली एखादी खोकली तरी बाहेरची पुढे सरकायची. रुपालीचा नवरा धम्मरत्न पुण्याला कोणत्याशा सोसायटीच्या दारावर बसायचा आणि त्याचे पैसे तिथेच संपायचे. घर चालत होतं ते रुपालीच्या दुपार ते रात्रीच्या पाळीवर.

"संध्याकाळचं माह्याकडे," भीमराज म्हणाले.

रुपालीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं बैलानं 'कणीक मी मळतो' म्हटल्यावर पाहावं. पण दुसरा इलाज नव्हता. सासूबाई, म्हणजे सत्यशीलाबाई, आदल्या उन्हाळ्यात गेल्या होत्या. त्या असत्या तर ही कथाच झाली नसती.

भीमराजांना वेळ भरपूर होता. मार्केट यार्डात बटणाचे काटे आले, तेव्हा जुने तराजू भंगारात निघाले. भीमराजांनी आपला तराजू भंगारवाल्याकडून परत घेतला. तराजूबरोबर मापारीही निघाले होते, पण त्यांना परत घ्यायला कोणी आलं नाही.

तर ते स्वयंपाकाला लागले. स्वयंपाक बिघडला असं कोणी म्हणू शकणार नाही. चमचा उलटा केला की खिमट विचार करून खाली पडायचं. पालकाच्या दिवशी पालक, बटाट्याच्या दिवशी बटाटा. अडचण पुढे होती. वाटीतून अर्धी वाटी गेली हे दिसत होतं, पण त्यातलं पोटात किती, फ्रॉकवर किती आणि भीमराजांच्या मिशीत किती, हे कोण सांगणार?

मापाऱ्याला हे सहन होत नाही. त्यांनी बराच विचार केला आणि त्यांना धरमकाटा आठवला. धरमकाट्यावर ट्रक भरलेला तोलतात, माल उतरवून रिकामा तोलतात, आणि मधला फरक तो माल. इथं एवढंच, की गाडी रिकामी येणार आणि भरून जाणार.

त्यांनी नातीला जेवणाआधी तोललं. मग भरवलं. मग पुन्हा तोललं.

फरक आला नाही.

ज्या तराजूनं कापसाची गाठोडी उचलली, त्याच्या हिशेबी अर्धी वाटी खिमट म्हणजे दांडीवर माशी बसली. पण तराजूवर संशय घेणं भीमराजांच्या घरात झालेलं नव्हतं. काटा हलला नाही, म्हणजे मैत्रेयीनं खाल्लं नाही. त्यांनी आणखी भरवायला घेतलं. मैत्रेयी आणखी रडली. एका संध्याकाळी तर जेवणानंतर तिचं वजन कमी भरलं. भीमराज मापांकडे पाहत बसले. मार्केटातला त्यांचा जोडीदार मारोती हमाल ओसरीवर बिडी ओढत होता. त्यानं उठून भीमराजांच्या मांडीवरच्या ओल्या फडक्याला हात लावला.

"वल्ला माल हाये भाऊ," तो म्हणाला. "घट येनारच."

तांड्यावरून दूध घालायला येणाऱ्या बिजलीबाईंनी हा प्रकार पाहिला तेव्हा दुधाचं भांडं त्यांनी खालीच ठेवलं.

"लेकरू तोलू नये भाऊ. तोललेलं लेकरू झुरते. आमच्या तांड्यात कोनी असं करत नाई."

"आमच्यात नजरबिजर नसते बिजलीबाई," भीमराज जरा ताठ होऊन म्हणाले. "माह्या बापानं छप्पन साली घरचे देव पोत्यात भरले आन पैनगंगेत नेऊन सोडले."

"मंग?"

"मंग काय. सोडाच्या आंधी तोलले."

बिजलीबाईंना राहवलं नाही. "किती भरले?"

"बाप सांगे, वाटले होते तेवढे नाई भरले."

बिजलीबाई दूध ओतून गेल्या. जाताना मैत्रेयीच्या गालावरून हात फिरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. भीमराजांनी ते न पाहिल्यासारखं केलं. ते वाद घालण्यात पटाईत होते, पण नात दिवसेंदिवस हलकी लागत होती, आणि हे कळायला त्यांना तराजू लागत नव्हता. उचलताना हातालाच कळायचं.

मग एका संध्याकाळी भारनियमन वेळेच्या आधीच आलं. लाइन गेली, जिन थांबलं, बायांना घरी पाठवलं. रुपाली दिवस मावळायच्या आत अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर, भुवयांवर कापसाची लव होती, म्हणून ती जरा म्हातारी दिसत होती.

ओसरीवर मैत्रेयी पोटावर पडून रिकामा चमचा चोखत होती. स्वतःशीच काही बोलत होती. खूश होती. चुलीपाशी भीमराज खिमट निववत होते. खिमट निवलं. ते उठले आणि खुंटीवरचा तराजू काढायला त्यांनी हात घातला.

साखळी वाजली.

मैत्रेयीच्या तोंडातून चमचा पडला आणि तोंड बंद झालं. अजून वाटी तिच्यासमोर आलीसुद्धा नव्हती.

"मामाजी," रुपाली सासऱ्यांना म्हणाली.

"काहून लवकर आली?"

"लाइन गेली. मामाजी, ती साखळी पुन्हा वाजवा बरं."

भीमराजांनी वाजवली. मैत्रेयीनं ओठ आत ओढून घेतले, जसं दात नसलेली म्हातारी घेते.

"आता ठेवा खाली. तिच्या नजरेआड ठेवा."

रुपाली हात धुऊन फतकल मारून बसली. तिनं बोटावर जरासं खिमट घेतलं, स्वतःचं तोंड उघडलं आणि तशीच बसून राहिली. मैत्रेयीनं आधी खुंटीकडे पाहिलं. मग आजोबांच्या हातांकडे. हात रिकामे होते. मग तिनं तोंड उघडलं.

"ही खाले नाई भेत," रुपाली म्हणाली. "तराजूले भेते. जेवाच्या आंधी तुमी लटकावता, जेवल्यावर लटकावता. मंग मधात खाईन कशी?"

"मी त मोजून राह्यलो होतो."

"हो," रुपाली म्हणाली. "मोजून राह्यले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर भीमराजांना त्याच्याशी काही तरी करता आलं असतं.

त्यांनी तराजू सुटा केला. पारडी एका पोत्यात बांधली, दांडी दुसऱ्या पोत्यात, आणि दोन्ही पोती आढ्याखाली अशी दूरदूर ठेवली की जणू ती दोघं पुन्हा भेटली तर काही तरी कट करतील.

पुढच्या संध्याकाळी ते नुसती वाटी घेऊन बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. चमचा पुढे नेला की त्यांचं स्वतःचं तोंड आपोआप उघडायचं, मैत्रेयी त्या तोंडात काय आहे ते बघायची, आणि बघता बघता तिचंही उघडायचं. कधी दोन घास जायचे, कधी बरेच. कधी ती चमचा हिसकून घ्यायची आणि भीमराजांनाच भरवायची. भीमराज खायचे. त्यांना खिमट मुळीच आवडत नसे.

विमलताई चौकशीला आल्या.

"खाते का काका?"

"खाते."

"काल किती खाल्लं?"

मारोती बिडी ओढायचा थांबला.

"मोजलं नाई," भीमराज म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असावं, कारण त्यानंतर ते बराच वेळ तोंडावरून हात फिरवत होते.

वजनाचा दिवस लगेच आला. तो थोडा उशिरा आला असता तर बरं झालं असतं, पण त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अंगणवाडीत घड्याळासारखी तबकडी असलेला काटा दाराच्या चौकटीला टांगला होता, खाली चड्डीसारखी झोळी. रुपाली डबा घेऊनच आली होती. इथून परस्पर जिनिंगला जायचं होतं.

मैत्रेयीला झोळीत घातलं. ती रडली. सुई थरथरायला लागली, आणि थरथरायला तिनं नेमकी ती रेषच निवडली, जिच्या वर दुसरी श्रेणी आणि खाली तिसरी.

विमलताईंनी सुईकडे पाहिलं. मग रुपालीच्या डब्याकडे पाहिलं.

"माह्या चष्म्याले दिसत नाई बाप्पा," त्या म्हणाल्या. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. "काका, तुमची नजर पक्की. तुमी वाचा. तुमी वर म्हनान त मी वर लिहते."

खोलीतल्या बाया जवळ सरकल्या. सगळ्यांना समजलं होतं. भीमराजांनाही समजलं होतं. नुसतं 'वर' म्हणायचं होतं. एकच शब्द, आणि तो काही फार जड नव्हता.

ते पुढे झाले. सवयीनं एक डोळा मिटला. मैत्रेयी रडून दमली आणि क्षणभर आजोबांकडे बघत लोंबकळत राहिली. तेवढ्यात सुई थांबली. इतक्या संध्याकाळी घरचा काटा थांबावा म्हणून त्यांनी वाट पाहिली होती, तेव्हा तो थांबला नाही, ही आज थांबली.

"खाली," भीमराज म्हणाले.

"किती खाली?"

"केसभर."

"केसभराले काय होते काका, केसभर त मी—"

"खाली म्हंजे खाली, ताई."

विमलताईंनी चष्मा डोळ्यावर घेतला आणि लिहिलं.

रस्त्यानं रुपाली पुढे, कडेवर मैत्रेयी. मागून डबा घेऊन भीमराज. पिंपळापाशी जिनिंगची वाट वेगळी होते. तिथं रुपाली थांबली, जिनिंगच्या दिशेला एकदा पाहिलं आणि घराच्या वाटेला वळली.

"मामाजी, व्यापाऱ्याचा माल तोलतानी तुमी पारड्याले कधी आंगठा लावला नाई. मान्य. साऱ्या तालुक्याले मान्य. पन हा माल नवता ना."

भीमराजांना पुष्कळ सांगायचं होतं. की केसभर खाली म्हणजे ती खरंच खालीच होती. की आज खोटं वर लिहिलं असतं, तर उद्या ती कुठवर उतरली हे कोणाला कळलं असतं? की खरं तर त्यांनी 'वर' म्हणायचंच ठरवलं होतं, घरून निघतानाच ठरवलं होतं, पण काट्यासमोर उभं राहिलं की त्यांच्या तोंडातून आधी वजन निघतं आणि माणूस मागून येतो. शेवटी ते म्हणाले, "डबा घे. यवतमाळच्या वाटेत भूक लागन."

तर ते पहिलं वाक्य आता वाचलं तरी चालेल.

जिनिंगमधली रुपालीची जागा बिजलीबाईंच्या सुनेनं, बबितानं घेतली. तिचा काही दोष नव्हता. ती दाराशी सगळ्यात पुढे उभी होती. बिजलीबाई त्या दिवसापासून पैसे न मागता दूध घालू लागल्या. घरात दूध प्यायला कोणी नव्हतं. भीमराज ते तापवायचे, आणि मग त्याच्याकडे बघत बसायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते एसटीनं यवतमाळला गेले. सोबत डब्यात पालकाचं खिमट. पोचेपर्यंत दिवस कलला होता. वॉर्डाच्या दारात चौकीदारानं त्यांना अडवलं, पण चांगल्या शब्दांत.

"आजोबा, आत साऱ्या बाया हायेत, लेकरांले पाजून राह्यल्या. मानसांले नाई सोडता येत. सकाळी या भेटीच्या टायमाले."

"सकाळी ती जेवत नाई," भीमराज म्हणाले. "संध्याकाळी जेवते."

"मंग संध्याकाळी तिची माय जेवू घालते ना."

यात काही चूक काढता येत नव्हती. भीमराज पायरीखाली उभे राहिले. आतून स्टीलच्या वाट्यांचे आवाज येत होते. कोणतं लेकरू कोणत्या वाटीतून खातंय हे आवाजावरून ओळखता येतं का, हे त्यांनी थोडा वेळ करून पाहिलं. येत नाही.

रुपाली बाटलीत पाणी भरायला बाहेर आली. केसांत कापूस नव्हता. ती पुन्हा तरुण दिसत होती आणि फार थकलेली.

"कशी हाये?"

"बरी हाये. खाते आता."

"किती?" भीमराज म्हणाले.

रुपालीनं त्यांच्याकडे पाहिलं. बाटली भरून झाली होती तरी नळ तसाच वाहत राहिला. मग तिनं नळ बंद केला, त्यांच्या हातातला डबा घेतला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी भीमराज ओसरीवर कागद घेऊन बसले. सातवीपर्यंतचं अक्षर, पण वळणदार. मारोतीनं खांद्यावरून वाचलं.

"भाऊ, दवाखान्याचा अर्ज काट्याच्या साहेबाले कायले लिहून राह्यला?"

"दुसरा कोनता साहेब मले वळखत नाई."

"तो साहेब कईच रिटायर झाला."

"खुर्ची त हाये ना," भीमराज म्हणाले, आणि पुढे लिहू लागले.

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
वजने व मापे, यवतमाळ.

विषय : संध्याकाळी बसू देणेबाबत.

महोदय,

अर्जदार आपल्या माहितीतला असून आपण दरवर्षी त्याचा काटा तपासून त्यावर शिक्का मारलेला आहे. काट्यात आजवर खोट निघाली नाही. अर्जदारात निघाली, ती मान्य आहे.

अर्जदाराची नात कु. मैत्रेयी ही दवाखान्यात भरती असून ती संध्याकाळी जेवते असे कळते. अर्जदाराने ते पाहिलेले नाही.

सबब विनंती की, सदर जेवणाचे वेळी अर्जदारास तिच्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसू द्यावे. तेथील बायांची हरकत असल्यास अर्जदार त्यांच्याकडे पाठ करून बसेल. अर्जदार बालिकेस उचलणार नाही, व तिने किती खाल्ले हे तिच्या आईस विचारणार नाही. सदर परवानगी बालिका स्वतःच्या हाताने जेवू लागेपर्यंत ग्राह्य धरण्यात यावी.